हातात किती?

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मुलीची एक वही अर्धी कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण उद्या कोणी वाचलंच, तर बागवेकाका नीट कळावेत म्हणून सावकाश लिहिते.

काकांना एक खोड होती. समोर माणूस आला की ते त्याचा पगार विचारायचे. नाव नंतर, गाव त्याच्याही नंतर. आधी विचारायचे, "हातात किती?"

कागदावरचा पगार त्यांना नको असायचा. पीएफ कापून, खाडे कापून, उशिराचे कापून महिन्याला हातात काय पडतं तेवढंच सांगायचं. कोणी "वीस" म्हटलं की काका मान हलवायचे. "ते त्यांचे वीस. तुझे किती?"

एकदा त्यांना डेंगू झाला. डोंबिवलीत एका दवाखान्यात ठेवलेलं. नर्सने सुई टोचायला आणि काकांनी विचारायला एकच गाठ पडली. बिचारी दचकली, शीर सापडेना, तीनदा टोचावं लागलं. दुसऱ्या दिवशी तीच नर्स ड्युटी संपल्यावर काकांच्या खाटेशी स्टुलावर बसून सगळा पगार सांगत होती. तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत आणखी दोघी आल्या. काका घरी आल्यावर आम्ही तब्येत विचारायला गेलो तर ताप राहिला बाजूला, त्या तीन नर्सांना रविवारचे पैसे कसे मिळत नाहीत तेच ऐकून आलो.

शेजारच्या सुवर्णाला मुलगा बघायला आला तेव्हाही काका तिथे. मुलगा ठाण्याला मॉलमध्ये मोबाइलच्या शोरूममध्ये. त्याच्या मामांनी सांगितलं, पगार पंचवीस हजार. पोहे खाता खाता काकांनी विचारलं, "हातात किती?"

मुलगा म्हणाला, "टार्गेट झालं तर पंचवीस."

"आणि नाही झालं तर?"

मुलाने मामांकडे बघितलं. मामांनी पोह्यांकडे. "चौदा," मुलगा म्हणाला.

लग्न झालं, पण काकांना पत्रिका आली नाही.

मानपाड्याला आमच्या चाळीत काकांची खोली आमच्यापासून तिसरी. ते एकटेच राहायचे. गाव कणकवलीकडचं, तिथे भाऊ-भावजय. ठाण्यात खोपटजवळ एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये ते गेटवर गार्ड होते. आमच्या यांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली आणि घरात मुलीच्या शाळेची फी थकली, तेव्हा काकांनीच मला त्या बिल्डिंगमध्ये साफसफाईला लावलं. मी तोपर्यंत घराबाहेर काम केलेलं नव्हतं. बोलायची तर मला आधीपासूनच चोरी. माणसं समोर आली की मी काहीतरी काम काढून उठते.

कामाला लागताना डिपॉझिट होतं चार हजार. दोन ड्रेस, बूट आणि गळ्यातलं कार्ड, त्याचं. नोकरी सोडली की परत मिळणार, असं सुपरवायझर नितीनसरांनी सांगितलं. साफसफाई आणि गार्ड दोन्ही तेच बघायचे. नितीनसर म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, पण सगळ्या बायका सर म्हणायच्या म्हणून मीही म्हणायचे. माझ्याकडे चार हजार नव्हते. मी घरी येऊन यांना सांगत होते, ते दारावरून जाताना काकांनी ऐकलं असणार. थोड्या वेळाने आले, पैसे माझ्या हातावर ठेवले.

"काका, कधी देणार मी हे?"

"त्यांनी तुला परत दिले की तू मला दे. मला घाई नाही गो."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ते चार हजार बसले. कोणाचे पैसे घरात असले की मला अन्न गोड लागत नाही. आणि परत करायचा मार्ग एकच, डिपॉझिट सुटणं.

काका पगार रुपयांत मोजायचे नाहीत, भाड्यात मोजायचे. चाळीतल्या खोलीचं भाडं साडेपाच हजार. माझा पगार म्हणजे दोन भाडी. मॉलमधला गार्ड अडीच. कॉल सेंटरचा नवा मुलगा तीन, त्यातलं अर्धं मोबाइलच्या हप्त्याला. "मी मुंबईत पहिल्यांदा कामाला लागलो तेव्हा पगारात सहा भाडी बसायची," काका सांगायचे. "आता काम तेच, खोली तेवढीच, भाडी दोन. चार भाडी कोण घेऊन गेलं?"

हे त्यांनी एकदा चाळीचे मालक म्हात्रेशेठ यांनाही विचारलं. शेठची आधी शेती होती त्या जागेवर, आता तीन चाळी. शेठ हसले. "आमाला कुठचा पगार काका?"

"खरं आहे," काका म्हणाले. "तुम्हाला पगार नाही. तुम्हाला आम्ही आहोत."

शेठ आणखी जोरात हसले आणि दुसऱ्या महिन्यापासून भाडं तीनशेने वाढवलं. चाळीतल्या बायकांनी काकांशी आठ दिवस अबोला धरला.

आम्हा साफसफाईवाल्यांबद्दल काकांचं वेगळंच दुखणं होतं. म्हणायचे, "आधी तुम्ही झाडूवाल्या होतात. मग हाउसकीपिंग झालात. आता कार्डावर असोसिएट लिहिलंय. नाव एवढं मोठं झालं की पगाराला जागाच उरली नाही."

ते माझाही पगार विचारायचे. रोज गेटमधून आत जाताना. "सुनंदा, हातात किती?"

मी म्हणायचे, "ठीक आहे काका."

"ठीक म्हणजे किती? कुठल्या बँकेत ठीक भरून घेतात?"

मी खाली बघून आत जायचे. ज्या माणसाने चार हजार दिले त्याला पगार सांगत नव्हते, याची लाज वाटायची. पण माझंही कारण होतं. दुसऱ्याच महिन्यात नितीनसरांनी मला जिन्यात बाजूला घेतलेलं. "सुनंदाताई, तुमचं काम स्वच्छ आहे. साहेबांना सांगून तुमचे तीनशे जास्त केलेत. पण बाकीच्या बायकांना बोलू नका, भांडणं होतील." मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत पायाला चपला लागत नव्हत्या. आणि तेव्हापासून मी दुपारी डबा खाताना पगाराचं बोलणं निघालं की पाणी प्यायला उठायचे. मला बाकीच्या दहाजणींची दया यायची. लताबाई माझ्याआधी चार वर्षं कामाला, आणि जास्त मात्र मला. मी तिला कधी लोणचं द्यायचे, कधी भाजी. मनातल्या मनात भरपाई.

दोन वर्षांनी साफसफाईचा कॉन्ट्रॅक्टर बदलला. आमच्याकडे असंच असतं. एका सकाळी निळे ड्रेस काढून हिरवे घालायला सांगतात. बादली तीच, मजले तेच, नितीनसर तेच. पण आपण नवीन. रजा शून्य, पगार पहिल्या दिवसाचा. लताबाई सहा वर्षं काम करून त्या दिवशी माझ्याबरोबर नव्याने लागली. आणि नवीन डिपॉझिट पुन्हा चार हजार, पगारातून कापून. जुनं डिपॉझिट? नितीनसर म्हणाले, "मिळेल."

एक महिना गेला, दुसरा गेला. लताबाईने जुन्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसला फोन केला. तिकडून सांगितलं, डिपॉझिटची पावती दाखवा. पावती कोणालाच दिली नव्हती. मला वाटलं, आता काकांचे पैसे गेले.

मी काकांना सांगितलं. दोन वर्षांत त्यांच्याशी एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका गेट सोडून वर पॅन्ट्रीत आले. आम्ही अकराजणी जमिनीवर डबे उघडून बसलेलो. काका दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हातात किती?"

भात गार होत होता.

"बरं," काका म्हणाले, "दुसरं विचारतो. नितीनने कोणाकोणाला सांगितलंय, तुझे तीनशे जास्त केलेत, बाकीच्यांना बोलू नको?"

माझा घास हातातच राहिला. काकांना कसं कळलं? पुढे समजलं, त्यांच्या गार्डांपैकी चौघांनाही असंच सांगितलेलं. ते चौघे एकमेकांना चहा पाजत बसायचे.

लताबाईने हात वर केला. मग शोभा. मग मी. मी कधी वर्गातही हात वर केलेला नव्हता. बघता बघता अकरा हात वर. काहींचे भाताने माखलेले.

"अगं बया," लताबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणून तू मला लोणचं देत होतीस?"

"आणि तू मला सणाला साडी?" मी म्हणाले.

आम्ही इतक्या हसलो की शोभाला ठसका लागला. मग लताबाईने मोबाइलवर जुन्या कॉन्ट्रॅक्टरची पगाराची चिठ्ठी काढली. कोणीच आधी नीट वाचली नव्हती. काकांनी चष्मा लावून बोटाने दाखवलं. वर तीनशे मिळवलेले आणि खाली ड्रेस धुण्याचे म्हणून तीनशे कापलेले. ड्रेस आम्ही आपापल्या घरी धुवायचो. हसणं तिथेच थांबलं.

तेवढ्यात नितीनसर आले. "काका, गेटवर कोण आहे?"

"गेट आहे," काका म्हणाले. "नितीनराव, तुमच्या हातात किती?"

सर लाल झाले आणि निघून गेले. पण संध्याकाळी मी जिना पुसत होते तेव्हा खालच्या वळणावर ते काकांना हळू आवाजात सांगत होते, "मलाही साहेब म्हणाले होते काका, तुझे पाचशे जास्त केलेत, बाकी सुपरवायझरांना बोलू नको." मी पोछा घेऊन दोन पायऱ्या वर सरकले. त्यांनी मला बघू नये असं वाटलं.

काकांनी ठरवलं, कामगार ऑफिसला अर्ज द्यायचा. पावती नाही तर साक्षीदार हवा. डिपॉझिटचे पैसे नितीनसरांनी गेटच्या केबिनमध्येच घेतलेले, काकांच्या डोळ्यांसमोर. आणि प्रत्येक बाई केबिनमधून बाहेर आली की काकांनी सवयीप्रमाणे विचारलेलं, किती घेतले? कोण कुठल्या सणाच्या आधी लागली, कोणी एकदम दिले, कोणी दोनदा, सगळं त्यांना तोंडपाठ. जी खोड आम्हाला नकोशी व्हायची तिच्याशिवाय आमच्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

लताबाईच्या मुलीने अर्ज लिहिला. आम्ही सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. खाली साक्षीदाराची जागा. लताबाईने पेन काकांपुढे धरलं.

"उद्या करतो," काका म्हणाले.

"उद्या कशाला? आमचे पगार विचारताना तर रात्र-दिवस बघत नाही तुम्ही!"

"उद्या म्हटलं ना."

"बघा हं. पगार विचारायला वाघ, सही करायला शेळी," लताबाई म्हणाली. बायका हसल्या. काका हसले नाहीत. मला त्यांचा राग आला, खोटं का सांगू. माझ्याकडून पैसे परत हवेत आणि सही नको, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेला काका आमच्या दारात. अर्ज माझ्याकडेच होता. त्यांनी तो भिंतीवर धरून सावकाश सही केली. शांताराम गोविंद बागवे. मग छातीवरचं कार्ड माझ्यासमोर धरलं. ते कार्ड नेहमी उलटं लटकायचं, कोणी लक्ष दिलेलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, विजय बागवे. फोटो एका तरुण मुलाचा.

"हा कोण?"

"भावाचा मुलगा. गावाला टेम्पो चालवतो." काका म्हणाले. "साठीनंतर ठेवत नाहीत गो. म्हणून त्याचे कागद लावले. कागदावर मी एकोणतीस वर्षांचा आहे. लग्नाचं बघ कुठे असलं तर."

मला हसू आलं नाही. सिक्युरिटीचं काम अजून त्याच जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडे होतं. काकांनी स्वतःच्या नावाने साक्ष दिली की त्यांची नोकरी गेली, एवढं माझ्यासारखीलाही कळत होतं.

"काका, मग नका ना करू सही."

"का नको? माझे चार हजार आहेत त्यात," ते म्हणाले आणि ड्युटीला गेले.

कामगार ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर एक मॅडम बसलेल्या. अर्ज हातात देतानाच काकांनी विचारलं, "मॅडम, हातात किती?" आम्ही घाबरलो. मॅडमनी मागे बघितलं, साहेबांची खुर्ची रिकामी होती. हळूच आकडा सांगितला. म्हणाल्या, "मीसुद्धा कॉन्ट्रॅक्टवरच आहे. अकरा महिन्यांच्या." आकडा आमच्यापेक्षा थोडासाच जास्त होता. काकांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, जशी ते चाळीतल्या माणसांकडे बघून हलवायचे.

मग मॅडम टाइप करता करता म्हणाल्या, "आणि काका, तुम्हाला किती मिळतात?"

आम्हा अकराजणींपैकी कोणीही हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. मी सहा वर्षांची शेजारीण. मीही नाही.

काका बुटांकडे बघत राहिले. "ठीक आहे," म्हणाले.

"आकडा टाकावा लागतो."

"साडेसात हजार," काका म्हणाले. पगार पुतण्याच्या खात्यात जायचा. तो आपला वाटा ठेवून बाकीचे पाठवायचा. खोलीचं भाडं गेलं की काकांकडे दीड-दोन हजार उरायचे. मी मागे उभी होते. मला डिपॉझिटचे पैसे कुठून दिले असतील, किती महिन्यांचे साठवून, याचा हिशेब मी करायला लागले आणि मध्येच सोडून दिला.

जुन्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस पुढच्या तारखेला आला. म्हणाला, "हा साक्षीदार आमचा माणूसच नाही. आमच्या यादीत शांताराम बागवे कोणी नाही. हवं तर बघा."

कामगार ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी यादी बघितली. मग विचारलं, "तर मग तुमच्या गेटवर इतकी वर्षं कोण उभं होतं?"

तो माणूस यादी परत घ्यायला हात पुढे करत होता, तो हात तसाच राहिला. दुसऱ्याच्या कागदांवर माणूस उभा करणं त्याला डिपॉझिटपेक्षा महाग पडलं असतं. त्याने आठ दिवस मागितले. आठ दिवसांनी लिहून दिलं, अकराजणींचं डिपॉझिट दोन हप्त्यांत परत.

काकांना मात्र त्याच संध्याकाळी गेटवरून काढलं. कार्ड काढून घेतलं. नितीनसरांनीच घ्यायचं होतं, त्यांनी काकांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

काका दोन महिने काम शोधत फिरले. म्हात्रेशेठनी एका महिन्याचं भाडं सोडलं, हेही सांगायला हवं. "राव दे काका, फुडच्या महिन्यात बगू." पण पुढच्या महिन्यातही काम नव्हतं. त्या दिवसांत काकांनी कोणालाच पगार विचारला नाही. नळावर बायका म्हणायच्या, चाळ कशी शांत झाली.

पहिला हप्ता, दोन हजार, मिळाला त्या दिवशी मी कामावरून थेट त्यांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. सकाळीच गेले म्हणे, एक पिशवी आणि स्टोव्ह घेऊन. कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले. मुलीच्या वह्या घ्यायच्या होत्या, यांच्या कमरेचं औषध संपलेलं, पण त्या दोन हजारांना हात लावला नाही. दुसरा हप्ता महिन्याने आला. चार पूर्ण झाले, पण द्यायचे कोणाला?

लताबाईचा भाऊ कल्याणच्या घाऊक बाजारात हमाली करतो. त्याने सांगितलं, तुमचे काका एका कांद्याच्या गोदामावर राखणीला आहेत.

रविवारी दुपारी मी गेले. एकटी कल्याणला गेलेले त्याआधी कधीच नाही. तीन ठिकाणी विचारावं लागलं, माझ्यासारखीने तीन अनोळखी माणसांना विचारलं. काका गोदामाच्या दारात पालथ्या क्रेटवर बसलेले. अंगावर साधा शर्ट, गळ्यात काही नाही. पायाशी कांद्याची सालं उडत होती. खूप वाळलेले.

"अगो सुनंदा! तू कशी आलीस?"

मी विचारलं, जेवण कुठे, झोपता कुठे. म्हणाले, आतच, पोत्यांवर. भाडं नाही. मी पुढचं विचारलं तेव्हा म्हणाले, पगार असा नाही, राहायला मिळतं आणि दोन वेळचं गोदामाच्या शेठकडून येतं. "इकडे बोलायला कोणी नाही गो. ट्रक येतात, जातात. ड्रायव्हर झोपलेले असतात."

मग एकेकीचं नाव घेऊन विचारत बसले. लताला मिळाले? शोभाला? त्या अंगठेवाल्या दोघींना? सगळ्यांना पूर्ण मिळाले, मी सांगितलं. त्यांनी प्रत्येक नावाला मान हलवली. अकरा नावं झाल्यावर मी पदराखालून पाकीट काढलं.

खरं सांगते, वाटेत मला वाटत होतं, काका नको म्हणतील. निदान एखादी नोट परत देतील, मुलीला खाऊ घे म्हणून. मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

काकांनी पैसे घेतले. अंगठा ओला करून एकदा मोजले, पुन्हा मोजले. शर्टाच्या आत बनियनला शिवलेला खिसा होता, त्यात सगळे ठेवले आणि वरून तळहात दाबून बघितला.

"पूर्ण आहेत," ते म्हणाले. हात बराच वेळ त्यांनी तिथून काढला नाही.